तारा सरकला त्या वर्षीची कापणी

दसऱ्याचं सोनं वाटून झालं की चार-आठ दिवसांत आईचा फोन येतो. तो कधी लांबत नाही. "कापनी धरलीय. येतेस ना?" एवढंच. मग मी पुण्यातल्या माझ्या संस्थेत रजेचा अर्ज टाकते. कुणी विचारलं, ऐन ऑक्टोबरात तू कुठे गायब होतेस, तर सरळ सांगते, भात कापायला. तारे कसे जन्मतात, त्यांच्याभोवती ग्रह कसे धरतात, यावर काम करणारी बाई विळा घेऊन शेतात वाकली आहे, हे लोकांना गमतीचं वाटतं. मला त्यात गंमत वाटत नाही. कंबर दुखते, एवढं मात्र खरं.

चौकला उतरलं की आधी डिझेलचा वास येतो, मग ढाब्यावरच्या तळणीचा. जुना हायवे सोडून आमच्या गावाच्या रस्त्याला लागलं की एका वळणावर हे दोन्ही वास मागे पडतात आणि कापलेल्या भाताचा वास येतो. थोडा गोड, थोडा आंबूस, उन्हाने तापलेला. समोर प्रबळगड आणि इर्शाळ अजून हिरवेच असतात, पण त्यांच्या अंगावरच्या पाण्याच्या धारा आटलेल्या असतात. आकाश धुऊन पुसून ठेवल्यासारखं. बांधावरून चालताना दोन्ही बाजूंची लोंबं मांड्यांना घासतात आणि घरी पोचेपर्यंत मानेला भाताची कुसं लागून खाज सुटलेली असते. यंदाही तसंच झालं. आई अंगणात उभी होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "बारीक झालीस." हेही दरवर्षीचंच.

इतक्या वर्षांच्या कापण्या आता एकमेकींत मिसळून गेल्यात. कुठल्या वर्षी रत्ना जातीचं भात लावलं होतं, कुठल्या वर्षी भात आडवं झालं, विचारलं तर मला सांगता यायचं नाही. एक वर्ष मात्र आठवणीत वेगळं उभं आहे.

तेव्हा माझ्या संशोधनाचं चौथं वर्ष चालू होतं. नवरात्रात बाबा बांधावरून घसरले आणि उजव्या पायाचं हाड मोडलं. बाबा साजगावच्या एका कारखान्यात चेकिंगला होते. लेथवरून उतरलेला माल मोजायचा, मापात बसला तर पुढे पाठवायचा, नाही बसला तर बाजूला काढायचा, हे त्यांचं काम. सकाळची शिफ्ट करून आले की दुपारी शेत. आता पाय प्लास्टरमध्ये, शेत पिवळं झालेलं आणि घरात आई एकटी. भाऊ नाही, मी एकुलती. मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि महिन्याभरासाठी घरी आले.

आले तेव्हा मी फार खुशीत होते, कारण मला एक ग्रह सापडला होता.

आकाशात रोहिणीच्या शेजारी, कृत्तिकांच्या बाजूला, वायू आणि धुळीचे मोठे ढग आहेत. साध्या डोळ्यांना तिथे नुसता काळोख दिसतो. त्या ढगांत तारे जन्मतात. नवा तारा जन्मला की त्याच्याभोवती उरलेल्या धुळीचं आणि वायूचं एक चपटं कडं फिरत राहतं, आणि त्या कड्यातच पुढे ग्रह धरतात. आपली पृथ्वीही अशीच धरली. फक्त ती धरताना बघायला कोणी नव्हतं. म्हणून आम्ही दुसऱ्या ताऱ्यांकडे बघतो, अगदी तान्ह्या ताऱ्यांकडे. माझा तारा दहा-वीस लाख वर्षांचा, म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबात अजून पाळण्यातला. त्याला नाव नाही, यादीतला एक क्रमांक आहे. दक्षिण अमेरिकेतल्या एका उंच वाळवंटात बसवलेल्या रेडिओ दुर्बिणीने त्याचं कडं टिपलं होतं, आणि त्या नोंदींतून चित्र तयार करायचं काम माझ्याकडे होतं.

पावसाळ्याच्या शेवटी ते चित्र पडद्यावर उमटलं. नारिंगी कडं, आणि त्याच्या डाव्या अंगाला एक जाडसर उजळ ठिपका. तिथे धूळ गोळा होत होती, आणि मधोमध एक ग्रह धरत असणार. माझ्या मार्गदर्शक, ज्यांना आम्ही सगळे नुसतं मॅडम म्हणतो, त्या खुर्चीतून उठून माझ्या पडद्याशी आल्या. त्या सहसा उठत नाहीत. "छान," म्हणाल्या, आणि पुढच्याच आठवड्यात परदेशात एका सभेत त्यांनी हे चित्र दाखवलंसुद्धा. आता शोधनिबंध लिहून पाठवायचा होता. त्यावर माझी पदवी ठरणार होती. त्याच ताऱ्यावर दुसऱ्या देशातला एक गटही काम करतोय असं कानावर होतं, त्यामुळे घाई होती.

मी हे फोनवर आईला सांगितलं. ते सांगायला नको होतं. आईने संदेशदादाला, म्हणजे माझ्या चुलतभावाला सांगितलं. तो चौकहून टेंपो चालवतो आणि गावातल्या सगळ्या मंडळांत असतो. मी घरी यायला निघाले आणि चौकच्या नाक्यावर उतरले, तर समोर दहा फुटांचा फ्लेक्स. "गावची कन्या कु. वैजयंती हिने आकाशात नवीन ग्रह शोधल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" शेजारी माझा बारावीच्या ओळखपत्रावरचा फोटो, दोन वेण्यांचा. मागे कडीवाला शनी, कारण फ्लेक्सवाल्याला ग्रह म्हणून तोच सापडला. खाली शुभेच्छुक म्हणून सोळा चेहरे, त्यात संदेशदादा गॉगल लावून.

तो स्वतः मला न्यायला नाक्यावर आला होता. "कसा हाय?" त्याने विचारलं.

मी लाजले, रागावले आणि मनातून सुखावले. तिन्ही एकदमच.

मग कापणी सुरू झाली. सकाळी दव असेपर्यंत घरातलं काम, ऊन चढलं की शेत. पहिल्या दिवशी माझ्या तळहाताला फोड आले. शेजारची पारूकाकी दरवर्षी आमच्याकडे कापायला येई आणि आम्ही तिच्याकडे जाऊ. ती माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठी, पण तिच्या ओळीला मी कधी गाठू शकले नाही. "विळा हातात नको आवळू गं," ती म्हणायची, "तो आपला आपन चालतो." मूठभर रोप धरायचं, खर्रकन आवाज, मूठ मागे. अर्ध्या दिवसानंतर डोक्यात दुसरं काही उरत नसे. शेताच्या पलीकडून एक्स्प्रेसवेचा आवाज सारखा येत असतो, पण कापताना तो ऐकूच येत नाही.

दुपारनंतर मी लॅपटॉप घेऊन नाक्यावर जायची. घरी मोबाइलची रेंज एक कांडी यायची आणि जायची. नाक्यावर इस्माईलचाचांचं गॅरेज आहे. त्यांच्याकडे वायरचं इंटरनेट होतं, वायफाय लावलेलं. बाबांची आणि त्यांची जुनी ओळख, बाबांच्या मोटरसायकलीमुळे. चाचांनी मला टायरच्या ढिगाशेजारी एक लाकडी टेबल मोकळं करून दिलं. "बस बेटा. हवेच्या पंपाचा आवाज होईल, तेवढा सोस." माझी सगळी माहिती पुण्याच्या संगणकावर होती, इथून फक्त त्याला हुकूम द्यायचे. मान वर केली की समोर मी. दोन वेण्या आणि शनी.

निबंध पाठवायला आठवडा राहिला असेल. त्या दिवशी शेतावरून लवकर आले, भाकरी खाल्ली आणि ओटीवर बाबांच्या शेजारी बसले. बाबा खुर्चीत, पाय स्टुलावर. रिकामं बसायची सवय नसल्याने ते दिवसभर चिडचिडे असायचे. दारातून दिसणारे भारेसुद्धा मोजत बसायचे.

"दाव बगू तुजा ग्रह," ते म्हणाले.

मी पडदा त्यांच्याकडे वळवला. ठिपका दाखवला.

"हा फोटो येका दिवशी काडला?"

"नाय बाबा, दोन खेपेला." घरी आले की माझी भाषाही घरची होते. "पहिल्या खेपेला दुर्बिणीच्या थाळ्या जवळ जवळ ठेवलेल्या. तवा मोठा आकार दिसला. मग दोन वर्षांनी त्याच थाळ्या लांब लांब पसरल्या. तवा बारकावे दिसले. दोन्ही एकत्र केले, त्याचं हे चित्र."

"म्हंजे दोन शिफ्टचा माल."

"हा, तसंच."

बाबांनी चष्मा वर सरकवला. "मंग झिरो कोनाचा धरला?"

मला कळलं नाही.

"अगं, आमच्याकडं माप घ्यायला काट्याचं डायल गेज असतं. पयल्या शिफ्टवाला काटा झिरोवर लावतो, माप घेतो. दुसऱ्या शिफ्टवाल्यानं परत झिरो लावला नाय, तर त्याची सगळी मापं जराशी सरकतात. जॉब, म्हंजे लेथवरचा नग, तोच, पन माप येगळं. आनि दोगांची मापं येका कागदावर चडवली का असं वाटतं, जॉब येका अंगाला जाड हाय. जॉब बरोबरच असतो. मानूस चुकल्याला असतो."

"तसं नाय बाबा, ताऱ्याचं..." मी म्हणाले आणि थांबले.

तारा स्थिर नसतो. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पहिल्या वर्षाच्या मुलालाही ठाऊक असतं. प्रत्येक तारा आकाशात आपल्या वाटेने सरकत असतो. इतका सावकाश, की साध्या डोळ्यांना हजार वर्षांतही कळायचं नाही. पण आमची दुर्बीण साधा डोळा नाही. दोन वर्षांत माझा तारा कणभर सरकला असणार, आणि ती दोन चित्रं एकावर एक ठेवण्याआधी तो कण मोजून दुसरं चित्र तेवढं मागे घ्यायला हवं होतं. ते मी केलं होतं का? मी ते झालेलं आहे असं धरून चालले होते. प्रणाली आपोआप करते असं कुणीतरी म्हणालं होतं. कोण, ते आठवेना.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"काय नाय. नाक्यावर जाऊन येते."

"आता? ऊन बघ."

मी गेले. चाचा एका टेंपोखाली झोपून काम करत होते, फक्त पाय दिसत होते. मी टेबलाशी बसले, दुसऱ्या खेपेच्या नोंदी उघडल्या, ताऱ्याची जागा वाचली. पहिल्या खेपेच्या उघडल्या, तिथली वाचली. आकडे शेवटच्या घरापर्यंत तेच होते. तारा दोन वर्षं जागचा हललाच नाही, असं माझ्या चित्रात गृहीत होतं.

सरकणं किती ते ताऱ्यांच्या यादीत दिलेलं असतं. ते घेतलं, दुसरा संच तेवढा मागे आणला, आणि चित्र पुन्हा करायला लावलं. ते होईपर्यंत दोन तास गेले. त्या दोन तासांत चाचांनी दोन पंक्चर काढली, एकाच्या क्लचची वायर बदलली आणि मला दोनदा चहा दिला. ऊन उतरायला लागलं होतं तेव्हा पडद्यावर नवं चित्र उमटलं. कडं होतं. अगदी गोल, चारी बाजूंनी सारखं उजळ. ठिपका नव्हता.

मी समोर पाहिलं. फ्लेक्सवर मी हसत होते.

पुढचे दोन दिवस मी कुणालाच काही सांगितलं नाही. हे लिहायला आज संकोच वाटत नाही, पण तेव्हा त्या दोन दिवसांची मला फार लाज वाटली. शेतात मी न बोलता कापत राहिले. पारूकाकीच्या ओळीला पहिल्यांदाच जवळजवळ गाठलं. डोक्यात एकच चालू होतं, कुणाला कळणार आहे? निबंध तपासणारे माझ्या नोंदींतले आकडे उघडून बघणार नाहीत. मॅडमनीही बघितले नव्हते. ठिपका खरा वाटावा असाच होता. पदवी मिळेल, पुढची जागा मिळेल, आईला सगळे ओळखतील. तो दुसरा गट कधीतरी स्वच्छ चित्र काढेल, पण तोवर कितीतरी दिवस जातील. असे विचार येतात. आपण तसले नाही असं समजणाऱ्या माणसालाही येतात, हे मी तिथे शिकले.

तिसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरताना मला जाणवलं, की दोन दिवस मी त्या ताऱ्याबद्दल एकदाही विचार केलेला नाही. केला तो फक्त माझा. ज्या कामासाठी मी सगळं सोडून चार वर्षं बसले होते त्यातला रस दोन दिवसांत पार गेला होता. तो परत हवा असेल तर एकच करता येण्यासारखं होतं. मी पुन्हा तीच तपासणी केली, दुसऱ्या रीतीने केली, तिसऱ्या रीतीने केली. मग गॅरेजच्या मागे, जुन्या बॅटऱ्यांपाशी उभं राहून मॅडमना फोन लावला.

"मॅडम, ग्रह नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

सांगितलं. 

"किती वेळा तपासलंस?"

"तीनदा. तीन वेगळ्या रीतींनी."

"आणि आधी?"

"आधी केलेलं आहे असं धरून चालले होते."

"वैजयंती, मी भरल्या सभेत सांगून आलेय."

"हो मॅडम."

"सगळ्या फायली पाठव. मी स्वतः बघते." फोन बंद झाला.

छातीवरचं काहीतरी उतरलं होतं. टेबलाशी येऊन बसले तेव्हा चाचांनी विचारलं, "रडतेस का बेटा?" मी नाही म्हणाले आणि मग सगळं सांगून टाकलं. त्यांनी हात पुसत ऐकलं.

"माझ्याकडे गाडी येते," ते म्हणाले, "गिऱ्हाईक म्हनतं, चाचा, गिअरबॉक्स गेला. मी उघडून बघतो तर निघते निस्ती वायर. मग मी काय गिअरबॉक्स बदलू? वायर हाय तर वायर हाय बोलायचं." मग समोर बघून म्हणाले, "तो फ्लेक्स काढायचा असेल तर शिडी हाय माझ्याकडं."

घरी सांगणं जास्त कठीण गेलं. बाबा फक्त म्हणाले, "झिरो?" मी मान हलवली.  आई मात्र चुलीपाशी बसून राहिली. तिचा चेहरा उतरला होता. "लोकं बोलतील, पोरगी खोटं बोलली."

"खोटं नाय आई, चुकलं."

"त्यांना काय फरक कलतो?"

 याला उत्तर संदेशदादाकडे होतं. "तायडे, दिवाळीपरेंत राव दे की," तो म्हणाला. "वर जाऊन कोन बगतंय?"

"मी बगते दादा. तेच माजं काम हाय."

 तो डोकं खाजवत म्हणाला, "नवा शर्ट घालून फोटो काडलेला मी." पण शिडी त्यानेच धरली. मी वर चढले आणि दोऱ्या कापल्या. कुंभिवलीच्या कारखान्यांतून शिफ्ट सुटून बाया नाक्यावर आल्या होत्या. त्यांतल्या एकीने खालून विचारलं, "काय गं, ग्रह हरवला काय?" सगळ्या हसल्या. मीही वरूनच म्हणाले, "नव्हताच मावशी. माजं माप चुकलं." ती म्हणाली, "मंग बरोबर माप घेऊन परत लाव." तेवढंच. ज्याची मी दोन दिवस धास्ती घेतली होती ते इतक्यात उरकलं.

संध्याकाळी इर्शाळच्या मागून ढग आले. शेतात भारे रचून केलेली उडवी उघडी होती. आम्ही धावलो. ताडपत्री अपुरी पडली, तेव्हा आईनेच तो फ्लेक्स ओढून आणला आणि उडवीवर उलटा टाकला. छपाई खाली, पांढरी बाजू वर. पाऊस पाच मिनिटं पडला असेल. भात कोरडं राहिलं. आई म्हणाली, "चांगला मजबूत हाय," आणि त्या प्रकरणावर तिने पुन्हा तोंड उघडलं नाही.

मॅडमचा फोन चार दिवसांनी आला. आवाज नेहमीसारखा. "ग्रह गेला," त्या म्हणाल्या. "तुझं बरोबर आहे. सभेत ज्यांना सांगितलं होतं त्यांना मी कळवलंय. आता एक कर. ठिपका विसर आणि राहिलेलं चित्र नीट बघ. घाईत आपण ते पाहिलंच नाही."

मी पाहिलं. दोन चित्रं सरकलेली असताना सगळ्या कडा फुगल्या होत्या, बारीक गोष्टी एकमेकींत लिंपल्या गेल्या होत्या. आता त्या मोकळ्या झाल्या होत्या. आणि उजळ कड्याच्या आत, सगळीकडून सारख्या अंतरावर, एक काळी बारीक फट होती. केसासारखी. पूर्ण गोल. मी लॅपटॉप जवळ ओढला, लांब केला, चष्मा पुसला. फट होती. तिन्ही रीतींनी होती. या खेपेला मी स्वतःवर इतका अविश्वास दाखवला की दहा दिवस ती मोडायचाच प्रयत्न करत होते. मोडली नाही.

तोवर झोडणी सुरू झाली होती. खळ्यावर फळी लावून भारे आपटायचे, दाणे सगळीकडे उडतात, केसांत जातात. विसाव्याला बसलो असताना पारूकाकीने विचारलं, "काय गं, मग तितं आता काईच नाय?" मी मोबाइलवर चित्र काढून तिला दिलं. तिने ते उन्हातून सावलीत धरलं.

"ही काली रेग कसली?"

"तिथं धूळ नाय काकी. बाकी सगळीकडं हाय, तिथंच नाय."

"कोनी नेली?"

"लहानसा ग्रह असंल. फिरता फिरता वाटेतली धूळ बाजूला सारत असंल. नायतर आणखी काय कारण असंल. दोन-तीन कारणं असू शकतात. अजून ठरलं नाय."

काकीने मोबाइल परत दिला. "मंग ह्या खेपंला बोर्ड लावू नको हां, संदेशला सांगून ठेव," ती म्हणाली, आणि खळ्यावर सगळे इतके हसलो की आई घरातून बाहेर आली.

निबंध आला तो त्या फटीवर. ग्रह सापडला असं त्यात कुठेही लिहिलं नाही. फट आहे, इतकी रुंद आहे, ती कशाने पडू शकते, एवढंच. पुढल्या वर्षी त्या दुसऱ्या गटाचं चित्र आलं. मी ते उघडून आमच्या चित्राशेजारी ठेवलं. कडं स्वच्छ, गोल, ठिपका नाही. फट आम्ही सांगितली होती तिथेच.

त्या फटीत कोण आहे हे अजून ठरलेलं नाही. या हिवाळ्यात आम्ही पुन्हा बघणार आहोत, जास्त बारीक नजरेने. माझी विद्यार्थिनी परवा विचारत होती, "आणि काहीच दिसलं नाही तर?" मी म्हणाले, "तर काही दिसलं नाही असं लिहू. तेही कुणाला माहीत नाहीये." तिला ते फारसं पटलं नाही. पटेल. ज्या गोष्टीला आकार घ्यायला लाखो वर्षं लागतात तिच्याकडे बघताना आपल्याला एका दिवाळीची घाई असते, हे कळायला थोडा वेळ जातोच. मला या कामाची भीती वाटत नाही आता. चूक होईल याचीही नाही. चुका सापडतात, फक्त त्या सापडाव्यात अशी आपली इच्छा लागते.

माझ्या प्रबंधात मी त्या चुकीवर एक अख्खं प्रकरण लिहिलं. मॅडम म्हणाल्या होत्या, गरज नाही. मी ठेवलं. शेवटच्या तोंडी परीक्षेला आई-बाबा पुण्याला आले होते. बाबा चांगले चालत होते, इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसले होते. सगळं इंग्रजीत चाललेलं. नागपूरकडचे एक वयस्क परीक्षक होते, त्यांनी त्या प्रकरणावरच तासभर उलटसुलट विचारलं. मी उत्तरं दिली. परीक्षा संपली, चहा आला. परीक्षक कप घेऊन बाबांजवळ गेले आणि मराठीत म्हणाले, "मुलीनं काय काम केलं, ते आलं का लक्षात?"

मला वाटलं बाबा संकोचतील. ते उभे राहिले.

"आलं ना साहेब. तिनं सोताचा माल सोता रिजेक्ट केला," बाबा म्हणाले. "मी पंचवीस वर्सं चेकिंगला हाय. दुसऱ्याचा माल रिजेक्ट करनारे पुष्कळ बघितले. असा मानूस मला कंपनीत येक बी मिळाला नाय."

परीक्षक हसले नाहीत. त्यांनी कप खिडकीत ठेवला आणि बाबांना दोन्ही हातांनी नमस्कार केला.